गोदूबाईच्या दारात एक रात्र

मालननं त्याला आवाजावरून ओळखलं. ती पडवीत बसून सुके बोंबील डब्यात भरत होती आणि खाली रस्त्यावर कोणीतरी, रेडिओवर बोलतात तशा सुरात म्हणालं, "काय मंडळी, घाबरायला तयार?"

बोंबील हातातच राहिला. हे वाक्य तिनं मोबाइलवर इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही ओळखलं असतं. ती उठून अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आली. पूर्णगडला त्यांची वाडी उतारावर होती आणि मालनचं घर सगळ्यांत खालचं. घराखाली रस्ता, रस्त्याच्या टोकाला होड्या ओढायचा उतार, आणि उतारापुढे पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू. देवळाजवळ हिरव्या नंबरप्लेटची एक पांढरी गाडी उभी होती. गाडीपुढे दाढी राखलेला एक तिशीतला माणूस काठीला लावलेल्या मोबाइलकडे बघून हसत होता. शेजारी एक मुलगी केस सावरत उभी होती.

दर्शन. आडनाव तो कधी सांगायचा नाही. मोबाइलवर लाखभर माणसं त्याला नुसत्या नावानं ओळखत.

तीन पावसाळ्यांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा मालन मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावावर गेली होती. तिचा नवरा लवू जहाजावर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने. मुलगी दिशा शाळेत. घरी एकटी सासू, गोदूबाई. हा दारात आला आणि पाणी मागितलं. म्हातारीनं पाणी दिलं, मग दुपारची वेळ म्हणून बसवलं, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. म्हातारीला माणसांची हौस. त्यानं विचारलं, आजी, इथं भुतं आहेत का? ती खूप हसली, आणि नातीला लहानपणी घाबरवायला काढायची तो घोगरा आवाज काढून दाखवला. नुकतंच न्हाणं झालेलं, केस मोकळे, तोंडात दात नाहीत, एका डोळ्यात मोतीबिंदू.

पंधरा दिवसांनी दिशानं शाळेतून रडत येऊन मोबाइल आईपुढे धरला. अंधार केलेला, ढोल वाजतायत, आणि म्हातारीचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा. वर नाव दिलेलं: पूर्णगडची चेटकीण, या घरात पाणी पिऊ नका.

त्यानंतर माणसं यायला लागली. कोल्हापूरची, पुण्याची, कुठकुठली. रात्री बाइक घेऊन यायची, घरावर बॅटऱ्या मारायची, कौलांवर दगड टाकायची. "चेटकीण, बाहेर ये!" कोणी फाटकाला काळी बाहुली बांधून गेलं. हेही गोदूबाईनं सोसलं असतं. पण वाडीतली तान्ही पोरं न्हाऊमाखू घालणारी बाई म्हणजे तीच. अर्ध्या पूर्णगडाच्या पाठीला तिनं तेल चोळलेलं. बाहेरगावाहून आलेल्या नव्या सुना तिला बोलवेनाशा झाल्या. एकीनं तर ती दारात आल्यावर पोर आत नेलं. म्हातारी घरी येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "मी कुणाचं पोर बिघडवलं गो, मालन?"

गेल्या भाद्रपदात एका रात्री कोणीतरी घरापुढच्या खळ्यात फटाक्यांची माळ लावली. गोदूबाई शिव्या देत अंधारात बाहेर आली, आणि जांभ्याच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरून खाली गेली. खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात राहिली, मग घरी खाटेवर राहिली, आणि दिवाळी बघायला उरली नाही. मालननं पोलिसांत तक्रार केली. फटाके कुणी लावले, असं त्यांनी विचारलं. ते तिला कुठं माहीत होतं? दिशानं दर्शनला लिहिलं की आजी गेली, आता तरी तो व्हिडिओ काढून टाका. त्यानं हात जोडल्याचं एक चित्र पाठवलं. व्हिडिओ काढून टाकला नाही.

आणि आता तोच माणूस पौषातल्या अमावस्येच्या संध्याकाळी देवळापाशी उभा होता.

*

मुलगी घराकडे चढून आली. "मावशी, बाथरूम वापरू का जरा? देवळाजवळचं बंद आहे."

मालननं तिला आत घेतलं. पोरीचं नाव श्रद्धा. दर्शनशी लग्न होऊन वर्ष होत होतं. हातपाय धुऊन ती ओटीवर टेकली, मालननं दिलेलं कोकम सरबत प्यायली आणि भडाभडा बोलायला लागली. गाडी विजेची आहे, नवी आहे. मागच्या सीटा पाडल्या की सपाट पलंग होतो. रात्रभर एसी लावून झोपायचं, गाडीचा आवाज नाही की धूर नाही. गाडीच्याच विजेवर चहा होतो. याआधी ते बुरोंडीला असेच राहिले होते, फार छान वाटलं होतं.

"आणि हितं कशाला आलात?" मालननं विचारलं.

श्रद्धा जरा चुळबुळली. "त्याचा एक जुना व्हिडिओ आहे. फार चालला होता. इथं कोणी म्हातारी होती म्हणे, लोक तिला घाबरायचे. ती वारली, म्हणून आता दुसरा भाग. तिच्या दारात एक रात्र, गाडीत. लाइव्ह." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला नाही आवडत असलं. पण तो म्हणतो, ती गेल्यावर आता जास्त चालेल."

मालन नुसती भिंतीकडे बघत राहिली, म्हणून श्रद्धानंही तिकडे बघितलं. भिंतीवर गोदूबाईचा हार घातलेला फोटो होता.

पोरीनं भांडं खाली ठेवलं. "ह्या..."

"माझी सासू."

श्रद्धाचा चेहरा उतरला. ती उठली, "मावशी, मला खरंच..." एवढंच म्हणाली आणि जवळजवळ धावत खाली गेली. गडग्यावरून मालनला दोघं दिसत होती. श्रद्धा हातवारे करून काही सांगत होती, गाडीचं दार उघडून आत बसत होती, पुन्हा बाहेर येत होती. जाऊ या म्हणत असणार. मालनच्या मनात आलं, जाऊ दे. निघून गेले तर बरं. आपण बोंबील भरू, दार लावू, झोपू.

पण दर्शन गेला नाही. तो हसत हसत वर आला.

"मावशी! अहो, मला माहीतच नव्हतं आजींच्या घरचे अजून इथंच राहतात. आजींचं ऐकून फार वाईट वाटलं, बरं का." तो न विचारता पायरीवर बसला. "मनात काही ठेवू नका. मी कुणाला दगड मारायला सांगितलं नव्हतं. लोक मनावर घेतात, त्याला आपण काय करणार? हा कंटेंट असतो हो नुसता."

"हां," मालन म्हणाली.

"मी काय म्हणतो, आज तुम्हीही बोला ना दोन शब्द. आजी गेल्यावर घरात काही जाणवतं का? पावलं वगैरे? जरा गंभीर चेहऱ्यानं सांगायचं. लोकांना आवडेल."

तो ज्या पायरीवर बसला होता, त्याच पायरीवरून म्हातारी घसरली होती. मालननं गडग्याला हात टेकला. आणि मग, तिलाही नवल वाटलं, ती हसली. लिलावात समोरच्याला भाव कळू द्यायचा नसला की हसते, तसं.

"माझं बोलणं नको. पण राहायचं तर राहा. गाडी कुठं लावणार?"

"तेच बघतोय. देवळाजवळून घर नीट येत नाही."

"खाली पुळणीवर लाव की. ओहोटीची वाळू घट्ट हाय. तिथनं घर असं समोर दिसतं."

"पाणी येत नाही ना?"

"पावसात येतं."

"थँक्यू मावशी! तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात." तो उड्या मारतच खाली गेला.

मालन घरामागच्या पायवाटेनं त्याच्याआधी उतारावर पोचली. तिथं ग्रामपंचायतीचा बोर्ड होता, रंगाच्या डब्यात सिमेंट भरून उभा केलेला: उधाणाच्या दिवसांत पुळणीवर वाहने उतरवू नयेत. दरवर्षी कोणाची तरी गाडी रुतायची, म्हणून लावलेला. मालननं डबा दोन्ही हातांनी कलंडवला, लवूच्या चुलतभावाच्या, खंडूच्या होडीपर्यंत गडगडत नेला आणि होडीच्या आड बोर्ड तोंडावर पाडून ठेवला. हात झाडून ती मागच्या वाटेनं परत वर आली. भीती वाटत नव्हती, हे तिला पक्कं कळत होतं.

समुद्र तेव्हा पार लांब गेला होता. पांढरी गाडी आवाज न करता उतारावरून उतरली आणि सपाट, ओलसर वाळूवर जाऊन उभी राहिली.

*

जेवण झाल्यावर दिशाचा फोन आला. ती आता रत्नागिरीला कॉलेजात, होस्टेलवर राहायची.

"आई, तो आपल्या घराखाली आहे! लाइव्ह चालू आहे त्याचं. दार लावून घे. खंडूकाकांना बोलव."

"मला दिसतोय तो. लिंक पाठव."

"आई, तू बघू नको ते."

"पाठव म्हटलं ना."

पडवीतला दिवा मालवून मालन खुर्चीत बसली. खाली वाळूवर एक निळसर चौकोन उजळलेला होता, आणि हातातल्या मोबाइलमध्ये त्याच चौकोनाचं आतलं दिसत होतं. गादी, दिव्यांची माळ, काचेचं छप्पर, किटलीतून निघणारी वाफ. श्रद्धा कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसली होती, गप्प. दर्शन बोलत होता.

"इंजिन नाही, आवाज नाही. काचा बंद केल्या की बाहेरचं काही ऐकू येत नाही. फक्त आपण आणि अंधार. आणि ते बघा, वर. तेच घर. ती गेली, पण गेली का खरंच?"

मालनला मोबाइलमध्ये आपलं घर दिसलं. लांबून, काळं, एका खिडकीत उजेड. गॅस बंद केला का बघायला ती आत जाऊन आली, तर तेवढ्यात दर्शन ओरडत होता, "पाहिलंत? खिडकीत काहीतरी हललं! मंडळी, कसम सांगतो, मी काही केलेलं नाही!" खाली लोकांचं लिहिणं भराभर सरकत होतं. चेटकीण जिवंत आहे. म्हातारीला चहा द्या. हसणारी तोंडंच तोंडं.

ती स्वतःलाच भूत झालेली बघत होती. सासूचं काय झालं असेल ते तिला आत्ता, इतक्या दिवसांनी, नीट कळलं.

थंडीच्या दिवसांत अमावस्येची रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून मोठी येते. समुद्राचा आवाज जवळ आला होता. मालनला तो घरात ऐकू येत होता आणि खाली, काचा लावून, एसीच्या गारव्यात बसलेल्या दोघांना नव्हता. मोबाइलमध्ये दर्शनच्या डोक्यामागं गाडीची मागची काच होती. त्या काचेतून फेसाची एक पांढरी रेघ दिसली. मग मोडली. मग जरा वर पुन्हा दिसली. एवढी माणसं बघत होती, एकालाही ती दिसली नाही.

मालन उठून बॅटरी शोधायला लागली. दर्शनचं काय व्हायचं ते होवो. पण पोरगी आत होती. तिला बाहेर काढायची हे मालननं संध्याकाळीच ठरवलं होतं. फक्त कधी काढायची ते ठरवलं नव्हतं.

ती पायऱ्या उतरत असतानाच खाली गाडीचं दार उघडलं आणि श्रद्धाची किंकाळी आली.

*

पाणी गाडीच्या अर्ध्या चाकांपर्यंत आलं होतं. लाट मागं गेली की चाकांखालची वाळू घेऊन जायची आणि गाडी आणखी बसायची. दर्शन पुढच्या सीटवर जाऊन गाडी हलवत होता. इंजिन नसल्यानं गुरगुरणं वगैरे काही नव्हतं. चाकं नुसती गप्प फिरत होती आणि वाळू उडत होती.

मालन कंबरेला पदर खोचून पाण्यात शिरली, श्रद्धाचा दंड धरला. "चल. पिशव्या राहू दे." पोरीला उतारावर नेऊन बसवलं आणि ती परत फिरली. आता दर्शनही बाहेर आला होता. काठीवरचा मोबाइल अजून त्याच्या हातात होता, त्यावरचा दिवा पाण्यावर हलत होता.

"मावशी, कोणाला तरी बोलवा! जीप, ट्रॅक्टर, काहीही!"

"खंडूचा ट्रॅक्टर हाय. होड्या ओढतो. दोरी लावली की निघेल."

"मग बोलवा ना त्याला!"

"बोलवते. तुझं ते लाइव्ह चालू हाय?"

"काय?"

"चालू हाय का, विचारते."

त्यानं मोबाइलकडे बघितलं. "हो. आहे. का?"

"तिचं नाव सांग सगळ्यांना."

"कोणाचं?"

"जिच्या हातचं जेवलास तिचं."

लाट आली. दोघंही मागं रेटले गेले. दर्शनचं तोंड उघडं होतं. मालननं बॅटरी त्याच्या तोंडावर धरली आणि तिला कळलं, की हा मुद्दाम गप्प नाही. त्याला नाव माहीतच नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"आजी... आम्ही आजीच म्हणत होतो..."

"गोदूबाई. म्हण."

"गोदूबाई. मावशी, प्लीज, गाडी जातेय, अहो फोन करा..."

"गोदूबाईनं काय केलं तुझं? ह्याच्यात बघून सांग."

त्यानं मोबाइल वर धरला. "गोदूबाईंनी मला पाणी दिलं. जेवायला घातलं. त्या... त्या चेटकीण नव्हत्या. ते मी केलं. आवाज मी कापून जोडला."

"पुढं."

"लोक त्यांना त्रास द्यायला लागले. मला माहीत होतं. मला मेसेज आले होते." तो आता रडत होता, गाडीसाठी की आणखी कशासाठी, कोण जाणे. "व्हिडिओ चालत होता म्हणून मी काढून टाकला नाही."

"आणि?"

"आणि त्या वारल्या. बास ना, मावशी! बोलवा ट्रॅक्टर!"

मालननं बॅटरी खाली घेतली. "ट्रॅक्टर पावस गावात गॅरेजात पडलाय. सोमवारपासनं. चाकच काढून ठेवलंय त्याचं."

तो बघतच राहिला. "पण तुम्ही म्हणालात..."

"खोटं बोलले. तू बोलतोस तशी."

त्यानंतरची लाट गाडीवरूनच गेली. आतली दिव्यांची माळ विझली. मग गाडीचे सगळे दिवे आपोआप लुकलुकायला लागले, वायपर हलायला लागले, आणि हॉर्न जो लागला तो थांबेचना. लांब, एकसुरी, सगळ्या खाडीवरून जाणारा. वाडीतून माणसं धावत आली. खंडू दोरी घेऊन पाण्यात शिरत होता, पण कोणीतरी ओरडलं की गाडीच्या बॅटरीत खारं पाणी गेलंय, पेट घेईल, आणि सगळे मागं सरले. हॉर्न हळूहळू बारीक होत गेला. मग काळोख झाला आणि नुसता समुद्र उरला.

मालननं ते शेवटपर्यंत बघितलं. तिला वाटलं होतं, झाल्यावर कुठंतरी वाईट वाटेल. नाही वाटलं. उलट भूक लागली.

तिनं श्रद्धाला घरात नेलं, कोरडी साडी दिली, अंगावर गोधडी घातली. दर्शन मागोमाग दारापर्यंत आला.

"तू नाय," मालन म्हणाली. "तुला दारातच रात्र काढायची होती ना? काढ." एक जुनी चादर तिनं पायरीवर टाकली आणि कडी लावली.

आत श्रद्धा झोपली नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, पाणी येणार ते?"

"हां."

"मीपण होते गाडीत."

"म्हणून तर खाली आले."

"आणि मी नसते तर?"

मालन कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली.

*

सकाळी ओहोटीला गाडी उघडी पडली, एका बाजूला कललेली, दारापर्यंत वाळूत. दुपारी क्रेन आली. त्याआधीच खंडूनं होडीच्या आडचा बोर्ड उचलून जागेवर उभा केला होता. मालनला त्यानं काही विचारलं नाही. पोलीस आल्यावर तोच पुढं झाला. "बोर्ड हाय की, साहेब. शहरातली माणसं वाचतात कुठं?"

पोलिसांनी बोर्डाचा फोटो घेतला. दर्शन तापानं फणफणला होता, त्याला धड बोलता येत नव्हतं. त्याचाच निष्काळजीपणा, असं ठरलं. श्रद्धा जाताना मालनच्या पाया पडली नाही आणि तिच्याकडे बघितलंही नाही. साडी तेवढी नीट घडी करून ओटीवर ठेवून गेली.

प्रकरण तिथंच संपलं असतं. दर्शननं तक्रार केली नाही; जुना व्हिडिओ काढून टाकला, नवाही काढून टाकला. पण लोकांनी तोवर नवा उतरवून घेतला होता. मालनला वाटलं होतं, त्याचं ते पाण्यातलं बोलणं सगळीकडे जाईल. ते थोडं गेलं. त्याहून जास्त गेला तो शेवटचा तुकडा: काळोखात एकटी गाडी, लुकलुकणारे दिवे, आपोआप हलणारे वायपर आणि तो हॉर्न. कोणीतरी त्याला ढोल जोडले होते. वर लिहिलं होतं, चेटकिणीनं गाडी बुडवली.

वाडीतही तेच. खंडूच्या बायकोनं पाणवठ्यावर मालनपुढे हात जोडले. "आयेनं सूड घेतलान बघ, वयनी. मेल्यावरबी सोडलान नाय."

मालनच्या हातातली कळशी खाली आदळली. "आयेनं?" ती म्हणाली. "आयेनं जन्मात मुंगी मारली नाय!"

दुसऱ्या दिवशी लिलावाला न जाता ती पोलीस ठाण्यात गेली. टेबलावरच्या हवालदारानं तिला ओळखलं. तिचं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, प्रकरण मिटलंय. उगाच कशाला ओढवून घेता?"

"बोर्ड मी काढला. पाणी येत नाय असं मी सांगितलं. ट्रॅक्टरचं खोटं मी बोलले. लिहा."

"अहो, लोक म्हणतायत तर म्हणू दे ना भूत. तुमचं काय जातंय?"

"माझी सासू जातेय," मालन म्हणाली. "ती एकदा गेली, पुन्हा नाय जाऊ देणार. भूतबीत काय नव्हतं. ती गाडी मी बुडवली. जित्या माणसानं. लिहा तुम्ही."

त्यानं लिहिलं. शनिवारी दिशा घरी आली तेव्हा मालननं तिच्या मोबाइलपुढे पडवीत बसून हेच पुन्हा सांगितलं. ढोल नाही, काही नाही. केस बांधलेले, उजेड चांगला. नाव, गाव, काय केलं, का केलं. दिशानं ते जसंच्या तसं टाकलं. कितीतरी जणांनी शिव्या दिल्या, कितीतरी जणांनी वाहवा केली. मालननं दोन्ही वाचलं नाही. पण चेटकिणीचं नाव घेणारे हळूहळू कमी झाले, आणि त्या जागी लोक मालनचं नाव घ्यायला लागले. रात्रीच्या बाइक बंद झाल्या. जिच्या दारात जायचं ती जिवंत आहे आणि जागी आहे, हे त्यांना कळलं असावं.

लवूचा फोन आला तेव्हा त्याचं जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून होतं.

"आयेच्या नावावर गेलं असतं ते," तो म्हणाला. "सुटली असतीस तू."

"म्हणूनच नाय जाऊ दिलं."

मग तो म्हणाला, "वकील बघतो."

खटला रत्नागिरीच्या कोर्टात उभा राहिला. तारीख असली की मालन पहाटे मिरकरवाड्याला जाऊन मासळीचा सौदा करायची, हात धुवायची, साडी बदलायची आणि कोर्टात जाऊन बसायची. वकिलानं तिला पश्चात्ताप झाल्याचं सांगायला शिकवलं होतं. तिनं ते सांगितलं नाही. श्रद्धाचा जीव धोक्यात घातला त्याचं वाईट वाटतं, एवढंच ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

मेमधल्या तारखेला दर्शन आला. एकटाच. दाढी काढलेली, खांद्याला साधी पिशवी. त्यानं मालनला बघितलं आणि लांबच्या बाकावर जाऊन बसला. कोर्टाचं काम झालं नाही, पुढची तारीख पडली. बाहेर पडताना दोघं जिन्यात समोरासमोर आले. तो अंग चोरून भिंतीला लागला, तिला वाट दिली.

मालन थांबली. "कशानं आलास?"

त्याला आधी कळलंच नाही. "एसटीनं," तो म्हणाला.

"शेवटची गाडी कधी तुझी?"

"संध्याकाळी आहे."

"मग नीघ," मालन म्हणाली. "चुकली तर रात्र हितंच काढावी लागेल."

आणि ती जिना उतरून गेली.